गिळ्याला दात नसतात

गिळ्याचा जन्म एका रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, एका रद्द झालेल्या जलवाहिनीच्या पाठीवर झाला. म्हणजे जलवाहिनीच्या नकाशाच्या पाठीवर. जलवाहिनी जमिनीत गेलीच नाही, कारण तिच्या वाटेत आपल्याच कार्यालयाचा जिना येतोय हे साहेबांना जरा उशिरा कळलं. असे रद्द नकाशे पाणी खात्यात ढिगाने पडलेले असतात. चांगला जाड कागद, पाठ कोरीकरकरीत. तिथले आरेखक, ज्यांना अख्खी इमारत 'नकाशावाले' म्हणते, ते त्यातले दोन-चार गुंडाळून घरी आणत. त्यात वावगं काही नाही, असं पुढे त्यांना बऱ्याच लोकांना बऱ्याच वेळा सांगावं लागलं.

नकाशावाल्यांनी बावीस वर्षं फक्त पाइप काढले होते. सरळ पाइप, वाकडे पाइप, एकमेकांना टाळून जाणारे पाइप. त्यांच्या हातून निघालेल्या प्रत्येक गोष्टीला दोन टोकं असायची. गिळ्याला मात्र एकच टोक होतं, आणि ते म्हणजे तोंड.

त्याचं कारण होती शाळेतून आलेली चिठ्ठी. 'आपली मुलगी या महिन्यात अकरा दिवस गैरहजर आहे.'

"अकरा दिवस?" मुंगीची आई म्हणाली. ती बस आगारात चौकशीच्या खिडकीवर बसते, त्यामुळे चुकीची माहिती तिला सहनच होत नाही. "अहो, रोज मी हिला फाटकाच्या आत जाताना बघते! डबा रोज रिकामा येतो!"

मुंगी म्हणजे त्यांची आठ वर्षांची लेक. जन्मली तेव्हापासून बारकी, म्हणून मुंगी. ती जमिनीकडे बघत उभी होती.

"हजेरीच्या वेळी काय करतेस गं तू?" नकाशावाल्यांनी विचारलं.

"मी ह... ह..."

"हजर म्हणतेस?"

मुंगीने मान हलवली.

"म्हणत नाहीस?"

मुंगीने पुन्हा मान हलवली, आणि मग सगळा उलगडा झाला. मुंगीचा शब्द अडकायचा. डॉक्टरांनी घसा बघितला होता, जीभ बघितली होती, सगळं ठणठणीत आहे, धीर धरा, असं सांगितलं होतं. पण हजेरीला धीर नसतो. वर्गात चव्वेचाळीस मुलं, हजेरी दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायची आणि सव्वादहाच्या आत संपायची. मुंगीचा नंबर सत्तावीस. तो यायचा दहा वाजून बारा मिनिटांनी. मुंगीच्या 'ह'चा 'हजर' होईपर्यंत बाई एकतिसाव्या मुलावर गेलेल्या असत. मग मागे जाऊन खाडाखोड कोण करणार! अशी ती पोर अकरा दिवस पहिल्या बाकावर, वेणीला रिबिन लावून, समोर बसून गैरहजर होती.

बाकी मुंगीच्या नशिबाने तिला माणसं फार प्रेमळ मिळाली होती. इतकी प्रेमळ, की तिने तोंड उघडलं की तिघंजण तीन शब्द घेऊन धावायचे. एकदा आईने तिला तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे किल्ली आणायला पाठवलं. मुंगी 'कि... कि...' करतेय तोवर डॉक्टर म्हणाले, "किती वाजले? साडेपाच, बेटा." मुंगी मुकाट्याने वर आली आणि दारातच बसून राहिली. त्या दिवशी आईला किल्ली मिळाली नाही, पण वेळ मात्र अगदी बरोबर मिळाली.

तर त्या रविवारी नकाशावाल्यांनी कागद पसरला, कंपासने एक मोठं गोल तोंड काढलं, त्याच्याभोवती बटाट्यासारखं अंग काढलं आणि म्हणाले, "हा बघ. हा तुझे शब्द गिळतो. याचं नाव गिळ्या."

मुंगीने बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं. "द... दात नकोत."

"का गं? दुष्ट माणसाला दात हवेतच."

"दात असले तर तो च... चावेल. तो चावत नाही. नुसता गिळतो."

नकाशावाल्यांनी दात खोडले. मग तिने डोळे खोडायला लावले, कारण त्याला काही दिसत नाही, त्याला फक्त ऐकू येतं. म्हणून मग कान आले, सुपाएवढे. पोट पारदर्शक ठेवायचं ठरलं, म्हणजे आत गिळलेले शब्द दिसतील: हजर, किल्ली, पाणी, आणि शाळेच्या वहीवर असतं ते तिचं स्वतःचं पूर्ण नाव. बावीस वर्षांत कुठल्या अभियंत्याने नकाशावाल्यांचा नकाशा इतक्या बारकाईने तपासला नव्हता.

आणि तपासणी म्हटली की चौकट आली. नकाशावाल्यांचा हात सवयीने कागदाच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि त्याने तिथे चौकट आखली. 'काढले' आणि त्यापुढे बाबांची सही. 'तपासले' आणि त्यापुढे मोकळी जागा. मुंगीने लाल पेन्सिलीने तिथे एवढी मोठी सही केली की ती चौकटीबाहेर जाऊन गिळ्याच्या पायाला लागली. खात्याने टाकून दिलेला एक झिजका शिक्का घरात होता, 'सर्वसाधारण वापरासाठी मंजूर' असं लिहिलेला. तोही मुंगीने दाणकन मारला. तिला शिक्के मारायला आवडायचं. त्या शिक्क्याने पुढे केवढा घोळ घातला! पण त्या दुपारी तो फारच शोभून दिसत होता.

मग दर रविवारी एक भाग निघू लागला. गोष्टीतली मुंगी खरोखरची मुंगी होती, कमरेला पट्टा लावलेली. गिळ्याशी लढायची तिची युक्ती मुंगीनेच शोधली. गिळ्याला फक्त घाईचे शब्द गिळता येतात. सावकाश आलेला शब्द त्याच्या घशात अडकतो, त्याला ठसका लागतो आणि शब्द बाहेर पडतो. म्हणून मुंगी त्याच्या तोंडासमोर नुसती उभी राहायची. तलवार नाही, बंदूक नाही. आई म्हणाली, "अशी मारामारी मी पहिल्यांदाच बघतेय. दोघंही नुसते उभे!"

पण तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, मुंगी शाळेतून धावत आली आणि तिने दप्तर न काढताच सांगितलं, "त्याला ठ... ठसका लागला!" नकाशावाल्यांनी तिला उचलून दोन गिरक्या घेतल्या. ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात पाइप काढत होते, तर डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नकाशातल्या टाकीवर पडलं. ती टाकी अजून सरकारदरबारी जरा फुगलेलीच आहे.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण नकाशावाले माणूस होते, आणि माणसाला कौतुकाची भूक असते.

सहामाहीच्या सुट्टीत मुंगी मावशीकडे आठ दिवस गेली होती. नेमके त्याच वेळी इमारतीचे सेक्रेटरी घरी आले. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. नोकरी सुटली, पण घड्याळ सुटलं नाही. इमारतीच्या सभेतसुद्धा ते घरांचे नंबर पुकारायचे, "एक, दोन, सुटली!" म्हणायचे, आणि तेवढ्यात 'हजर' न म्हणणारा गैरहजर. तर त्यांनी टेबलावरचा गिळ्या बघितला आणि चष्मा वर केला.

"अहो नकाशावाले, ही काय चीज आहे! हे तुम्ही काढलंत?"

"असंच आपलं. पोरीसाठी."

"असंच काय म्हणता? कला आहे हो तुमच्या हातात! लोक नळ उघडे टाकतात. एक चित्र द्या की जिन्यात लावायला. पाणी गिळणारा राक्षस!"

बावीस वर्षांत पाइप सोडून दुसरं काहीही काढा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. नकाशावाल्यांनी त्याच संध्याकाळी गिळ्याच्या तोंडात नळ काढला. खाली चौकट आखली, 'काढले'पुढे सही केली आणि 'तपासले'पुढची जागा मोकळी ठेवली. मुंगी आली की घेऊ सही, असं मनाशी म्हणाले. सवयीने शिक्का मात्र मारला.

चित्र जिन्यात लागलं आणि इमारतीला जणू कंठ फुटला. जो तो सुचवायला लागला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "याला चार किडके दात काढून द्या, माझ्या दारावर लावतो." नकाशावाले चाचरत म्हणाले, "याला दात नसतात हो." डॉक्टर दुखावले. "बिनदाताचं चित्र दातांच्या दवाखान्यावर? मग लोक म्हणतील, हे सगळे दात मीच काढले!" काढून दिले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दाराबाहेरच्या चपला गिळणारा हवा होता. काढून दिला. कोणाला दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणारा हवा होता, तर गाडी चालवणाऱ्याला डोळे नाहीत हे बरं दिसत नाही म्हणून त्याला डोळे आले, वर काळा चष्माही आला. लिफ्टचं दार धरून ठेवणारा, कठड्यावरून कचरा टाकणारा, दुपारी खिळे ठोकणारा. महिनाभरात एका इमारतीत चौदा गिळ्ये झाले, आणि एकाचा दुसऱ्याशी तोंडापलीकडे काही संबंध उरला नाही.

नंतर साहेब एकदा काही कामासाठी इमारतीत आले, नळाचं चित्र बघून गेले, आणि गिळ्या पाणी खात्यात रुजू झाला. खाली 'सर्वसाधारण वापरासाठी मंजूर' असल्याने बाकीच्या खात्यांनाही विचारायची गरज वाटली नाही. वाचनालयात तो पुस्तकं उशिरा परत करू लागला. टपाल कचेरीत अपुरा पत्ता लिहू लागला. कुत्र्यांच्या परवान्याच्या खिडकीवर त्याच्या हातात दोरी आली. आई संध्याकाळी येऊन म्हणाली, "अहो, आज तुमचा गिळ्या माझ्याही खिडकीशेजारी लागला. रांग मोडतो तिथे."

आणि माणूस सारखा दिसायला लागला की त्याच्याशी ओळख होते. आधी लोक 'तो गिळ्या' म्हणत, मग 'आपला गिळोबा' म्हणायला लागले. पोरं लिफ्टमध्ये शिरताना त्याला टाटा करायची. तिसऱ्या मजल्यावरचं दीड वर्षाचं बाळ घास तोंडात धरून बसायचं, तर त्याच्या आईने जिन्यातलं चित्र दाखवून सुरू केलं, "गिळ बाळा, गिळूकाकासारखं गिळ!" बाळ गिळायला लागलं. गिळ्याचा काका झाला, तिथेच खरं तर नकाशावाल्यांना कळायला हवं होतं. पण त्यांना लोक जिन्यात थांबवून नमस्कार करत होते. त्या धुंदीत रविवारचे भागही राहून गेले, आणि मोकळ्या जागेतल्या सह्यांची तर आठवणसुद्धा झाली नाही.

मग शाळेची दुसरी चिठ्ठी आली. गैरहजर, सहा दिवस.

मुंगी खिडकीत बसली होती. नकाशावाले शेजारी जाऊन बसले. "काय झालं गं मुंगे? गिळ्याने पुन्हा त्रास दिला?"

मुंगीने नकारार्थी मान हलवली. "गिळ्या न... नाही."

"मग?"

"तो प... पार्किंगला असतो. वाचनालयात असतो. बाळाला भ... भरवतो. त्याला माझ्याकडे यायला वेळच नाही बाबा." ती बाबांकडे वळली. "मग माझे शब्द कोण गिळतं? म... म... मीच?"

इतके दिवस चूक गिळ्याची होती. तो बाहेर उभा होता, त्याच्याशी लढता येत होतं. आता तो सगळ्यांचा झाला, आणि पोरीजवळ उरली फक्त चूक.

त्यांनी तातडीने नवे दुष्ट काढायला घेतले. एक अडकवणारा काढला, एक दार लावून घेणारा काढला, एक नुसता काळा ढग काढला. मुंगीने प्रत्येक चित्र इमानदारीने बघितलं आणि लाल पेन्सिल खाली ठेवली. "हा कोणीच नाही," ती म्हणाली. एकावरही सही झाली नाही.

सोमवारी नकाशावाल्यांनी साहेबांकडे अर्ज दिला. विषय: गिळ्या परत मिळणेबाबत.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "परत म्हणजे? कागद खात्याचा. पाठीवर जलवाहिनी खात्याची. शिक्का खात्याचा. तुमचं यात काय आहे?"

"साहेब, चित्र माझं आहे. म्हणजे माझ्या मुलीचं आहे."

"मुलगी खात्यात आहे?"

"तिसरीत आहे, साहेब."

साहेबांनी अर्ज रेकॉर्डच्या खोलीत पाठवला. रेकॉर्डचे बाबू म्हणजे नियमांचं चालतंबोलतं कपाट. त्यांनी भिंग घेऊन खात्यात लागलेल्या नळाच्या चित्राचा कोपरा तपासला आणि खेदाने मान हलवली. "नकाशावाले, हे रद्द होणार नाही. 'तपासले'पुढे सही कुठे आहे? सही नाही म्हणजे हा नकाशा अजून नियमाने झालेलाच नाही. जो झालाच नाही तो मी रद्द कसा करू?"

"अहो, पण तो गावभर लागलाय!"

"लागू दे ना. पण झालेला नाही."

नकाशावाल्यांनी हे घरी येऊन तावातावाने सांगितलं. आई कपाळाला हात लावून हसत सुटली. मुंगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "स... सही नाही तर चालत नाही?" "नाही चालत," नकाशावाले वैतागून म्हणाले आणि किटली शोधायला स्वयंपाकघरात गेले. कारण त्यांनी आता कायदा हातात घ्यायचं ठरवलं होतं.

रविवारी भर दुपारी ते उकळत्या पाण्याची किटली आणि नकाशे खरवडायचं पातं घेऊन लिफ्टमध्ये शिरले. वाफ धरायची, कागद मऊ करायचा, अलगद सोलायचा, असा आराखडा होता. कागदावर तो अगदी निर्दोष होता. पण सेक्रेटरींनी चित्रं चिकटवली होती ती कोणी पाडू नयेत अशा खास खळीने. अर्ध्या तासात गिळ्याचा एक कान निघाला, त्याच्याबरोबर लिफ्टचा रंग निघाला, आणि वाफेने लिफ्टचं बटण रुसलं ते दोन मजल्यांच्या मधोमध. वर काकू, खाली डॉक्टर, मधे किटलीसकट नकाशावाले.

"अहो, आत कोण आहे?" डॉक्टर ओरडले.

"मी... मीच."

"धूर कसला येतोय?"

"धूर नाही, वाफ आहे. चहा नाही, नुसतं पाणी आहे."

"लिफ्टमध्ये पाणी उकळताय?" काकू वरून म्हणाल्या. "घरात बोलणं झालंय का काही?"

चाळीस मिनिटांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा डाव्या हाताला पोळलेलं होतं, सदऱ्याला खळ होती आणि हातात एक कान होता. बावीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर हे. त्यांना कोणाकडेच बघवेना. सेक्रेटरींनी फलकावर तिथल्या तिथे लिहिलं: 'पुढच्या रविवारी दहा वाजता विशेष सभा. विषय: घर नंबर नऊ यांनी केलेलं लिफ्टचं व गिळोबाचं नुकसान.'

सभा खाली गाड्यांच्या जागेत भरली. खुर्च्या मांडल्या होत्या, खांबावरून काळ्या चष्म्यातला गिळ्या बघत होता. नकाशावाले हाताला पट्टी बांधून बसले होते, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुंगी. त्यांनी रात्रभर मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. पण त्यात एक अडचण होती. खरं कारण सांगायचं तर पोरीचं दुखणं चारचौघांत मांडावं लागणार, आणि न सांगावं तर माणूस वेडा ठरणार. त्यांनी वेडं ठरायचं कबूल केलं होतं.

सेक्रेटरींनी घड्याळ बघून हजेरी सुरू केली. "घर नंबर एक!" "हजर!" "दोन!" "हजर!" एक, दोन, सुटली, एक, दोन, सुटली. आठ झालं.

"घर नंबर नऊ!"

नकाशावाल्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. आणि तेवढ्यात शेजारून मुंगी उभी राहिली.

"ह..."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"ह... ह..."

आणि नकाशावाल्यांना ते दिसलं. डॉक्टरांचं तोंड उघडं होतं. काकूंचं उघडं होतं. बाळाच्या आईचं उघडं होतं. सगळ्यांच्या ओठांवर तोच शब्द तयार होता, प्रेमाने, मायेने, पोरीला द्यायला. कंपासने काढावीत तशी गोल, मोठी तोंडं. एकालाही तिच्यावर दात नव्हता. ती तोंडं नुसती गिळणार होती. गिळ्या खांबावर नव्हताच, तो इथे खुर्च्यांवर बसला होता. आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की आपलंही तोंड उघडं आहे, आणि सगळ्यांच्या आधी उघडलेलं आहे.

नकाशावाल्यांनी तोंड मिटलं. अगदी घट्ट मिटलं. चांगला हात वर करून त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही असावं की डॉक्टरांनीही मिटलं, मग काकूंनी, मग एकेकाने.

सेक्रेटरींचं पेन कागदावर टेकलेलं होतं. एक झालं होतं, दोन झालं होतं. सगळ्या नोकरीत त्यांनी कोणासाठी गाडी थांबवली नव्हती. त्यांनी पेन उचललं, बाजूला ठेवलं आणि घड्याळ उलटं करून मांडीवर ठेवलं.

"सावकाश," ते म्हणाले. "गाडी उभी आहे."

"हजर," मुंगी म्हणाली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते फार बरं झालं. मुंगी खाली बसली नाही. तिने खांबाकडे बोट दाखवलं. तिला अजून बोलायचं होतं, आणि सगळी इमारत हात बांधून बसली होती. ती सावकाश बोलली, मधे मधे थांबली, कधी एकाच अक्षरावर बराच वेळ उभी राहिली.

"मी हे त... तपासलेलं नाही. गिळ्याला दात नसतात. डोळे नसतात. तो च... चपला गिळत नाही, कचरा गिळत नाही. तो फक्त शब्द गिळतो. म... माझे. कोपऱ्यात माझी सही नाही. सही नाही तर ते चालत नाही."

सेक्रेटरी उठले. खांबापाशी गेले, वाकले आणि चित्राचा उजवा कोपरा वाचला. 'तपासले' आणि पुढे कोरी जागा. मग जिन्यातलं बघून आले, डॉक्टरांच्या दारावरचं बघून आले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. नियमाचा माणूस होता तो.

"सही नाही," ते म्हणाले. "चौदाच्या चौदा बेकायदा. सभेचा ठराव, सगळी चित्रं आजच्या आज उतरवायची. हिने तपासल्याशिवाय या इमारतीत गिळ्या लागणार नाही."

"पण आमचं बाळ जेवणार कसं?" तिसऱ्या मजल्यावरून आलेली आई काकुळतीने म्हणाली.

सगळ्यांनी मुंगीकडे बघितलं. मुंगीने विचार केला. "एक ठ... ठेवा," ती म्हणाली. "पण त्याला गिळ्या म्हणायचं नाही. आणि त्याच्या अंगावर बाळाचा फ्रॉक काढायचा."

ते मंजूर झालं. त्या दुपारी प्रत्येक मजल्यावर किटल्या चढल्या. डॉक्टर स्वतः दातांची हत्यारं घेऊन आपल्या दारावरचे दात उपटत होते. काकूंनी नकाशावाल्यांच्या हाताला ताजं मलम लावलं आणि हळूच विचारलं, "आम्ही इतकी वर्षं तिला मदतच करत होतो ना हो?" नकाशावाले म्हणाले, "मीसुद्धा मदतच करत होतो." बाकी गावातली चित्रं उतरवायचा अर्ज तीन खात्यांतून फिरतोय. रेकॉर्डचे बाबू म्हणतात, होईल. आईने मात्र खिडकीशेजारचं चित्र अर्जाबिर्जाची वाट न बघता पहिल्याच दिवशी काढून टाकलं, आणि रांगेतल्या लोकांना तिच्याशी वाद घालायची छाती झाली नाही.

संध्याकाळी नकाशावाल्यांनी नवा कागद पसरला. गिळ्या काढला. दात नाहीत, डोळे नाहीत, सुपाएवढे कान. पोटात शब्द लिहायला घेतले, तर मुंगीने हात धरला. 'किल्ली' ठेव म्हणाली, 'पाणी' ठेव म्हणाली, 'हजर' लिहू दिलं नाही. मग एकदम म्हणाली, "बाबा, याचं त... त..."

नकाशावाले पेन्सिल धरून बसून राहिले. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. स्वयंपाकघरातून आईसुद्धा डोकावली नाही.

"तोंड जरा लहान काढ," मुंगी म्हणाली. "तो आता क... कमी खातो."

त्यांनी कंपास जरासा मिटला आणि तोंड लहान काढलं. मुंगीने लाल पेन्सिलीने सही केली. ती या वेळी चौकटीच्या आत मावली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात नकाशावाले पाइप काढत होते. दहाला दहा कमी असल्यापासून त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. दहा वाजून दहा मिनिटं झाली, तसं त्यांनी पेन खाली ठेवलं, दोन्ही हात टेबलावर पसरले आणि ओठ घट्ट मिटले. जुने नकाशे परत न्यायला आलेले रेकॉर्डचे बाबू काळजीने वाकून म्हणाले, "काय हो नकाशावाले, दाढ दुखतेय का?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. अजून दहा वाजून बारा मिनिटं व्हायची होती.